उमेदवार गावात दहाच मिनिटं का थांबतो?

शिरूर तालुक्यातलं निमोणे हे घोड धरणाच्या परिसरातलं गाव. विधानसभेची निवडणूक लागली की इथे जे दिसतं, तेच आसपासच्या प्रत्येक गावात दिसतं. सकाळी दहाला येणार म्हणून सांगितलेला उमेदवार साडेबाराला येतो. हलगी वाजते, देवळात नारळ फुटतो, पाच-सहा बायका ओवाळतात. गावातले दोघं तिघं माइक हातात घेतात, उमेदवार स्वतः जेमतेम चार मिनिटं बोलतो, म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडतो आणि ताफा करड्याच्या नाहीतर चिंचणीच्या रस्त्याला लागतो. मागे हमखास कुणीतरी विचारतं, "एवढ्यासाठी आला होता का?"

प्रश्न रास्त आहे. दहा मिनिटांत कुणाचं मत फिरत नाही, हे उमेदवाराला ठाऊक असतं आणि ओवाळणाऱ्या बाईलाही. तरी तो येतो. नाही आला तर गाव रुसतं, आणि आला तरी "थांबला नाही" म्हणून रुसतं.

या कोड्याला दुसरं एक जोडून बघू. २०२४ च्या नोव्हेंबरात याच शिरूर मतदारसंघात ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कटके विधानसभेला पहिल्यांदाच उभे राहिले. समोर २००९ आणि २०१९ असे दोनदा निवडून आलेले अशोक पवार होते. कटकेंना १,९२,२८१ मतं पडली, पवारांना १,१७,७३१. फरक ७४,५५० मतांचा. यंत्रावर ज्याचं नाव पूर्वी कधीच नव्हतं, त्याला पहिल्याच खेपेला पावणेदोन लाखांच्या वर मतं कुठून येतात? दहा मिनिटांच्या भेटीतून तर नक्कीच नाही.

सव्वा सेकंदाचा हिशेब

आधी वेळ मोजू. २०२४ ची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. २२ ते २९ ऑक्टोबर अर्ज भरायचे दिवस, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत. मध्येच दिवाळी. मतदान २० नोव्हेंबरला सायंकाळी सहापर्यंत. कायद्याप्रमाणे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबवावा लागतो, म्हणजे १८ तारखेला सहाला भोंगे बंद. लढतीचं चित्र स्पष्ट झाल्यापासून हातात उरले चौदा दिवस.

रोज बारा तास प्रचार धरला तर १६८ तास. मतदार साडेचार लाखांहून जास्त. उमेदवार जेवला नाही, रस्त्यात अडकला नाही, फोनवर बोलला नाही असं मानलं तरी एका मतदाराच्या वाट्याला साधारण सव्वा सेकंद येतो. आणि रस्ता तर अडवतोच. हा मतदारसंघ घोडकाठच्या निमोण्यापासून पार वाघोलीपर्यंत पसरलेला आहे. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण विधानसभेला ती शिरूरबरोबरच आहे. उरुळी कांचन, लोणी काळभोर, थेऊर ही हवेली तालुक्यातली गावंही यातच. म्हणून लोक 'शिरूर-हवेली' म्हणतात. निमोणे ते वाघोली साठेक किलोमीटर, त्यात नगर रस्त्याची कोंडी.

अंतर नुसतं किलोमीटरचं नाही. वाघोलीतल्या सोसायटीला टँकरचं पाणी आणि नगर रस्ता यांवर बोललेलं हवं असतं. निमोण्याच्या शेतकऱ्याला घोडचं आवर्तन, कांद्याचा भाव आणि दिवसा वीज यांवर. बिबट्याच्या पट्ट्यात रात्री मोटार चालू करायला जाणं म्हणजे काय, हे वाघोलीत समजावून सांगावं लागतं आणि निमोण्यात बोलून दाखवायचीही गरज नसते. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना बंद पडलेला, तिकडे थेऊरचा यशवंतही बरीच वर्षं बंद. ऊस घालायचा कुठे, हा प्रश्न २०२४ च्या प्रचारात गावोगाव होता. एकच भाषण सगळीकडे चालत नाही, आणि वेगवेगळं बोलायला वेळ नाही.

मग दहा मिनिटांची भेट कशासाठी? ती मतदारासाठी नसतेच, ती माइक हातात घेणाऱ्या त्या दोघा-तिघांसाठी असते. उमेदवार भर गावात त्यांच्या शेजारी उभा राहिला, त्यांचं नाव घेऊन बोलला, त्यांच्या घरी चहा प्याला, म्हणजे त्यांचा मान पक्का झाला. पुढचे दहा दिवस गावात काम करायचं आहे ते त्यांनी. उमेदवाराला लोक ओळखत नसले तरी यांना ओळखतात. सोसायटीचं कर्ज कुणी मंजूर करून दिलं, दवाखान्यात रात्री गाडी कुणी काढली, हे गावाला माहीत असतं. नवा उमेदवार स्वतःचा विश्वास घेऊन येत नाही, गावातल्या कुणाचा तरी उसना घेतो. म्हणूनच कुणाच्या ओट्यावर चहा प्यायचा, हा प्रचारातला सर्वांत जोखमीचा निर्णय असतो. एका भावकीच्या ओट्यावर चढलं की दुसरी भावकी कटते.

पहिल्यांदा, पण नवखा नव्हे

इथे आडसाली ऊस आठवावा. आषाढ-श्रावणात लावलेला हा ऊस तोडायला दीड वर्ष लागतं. टोळी आली की दोन दिवसांत फड मोकळा होतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं काम दोन दिवसांचंच होतं. प्रचाराचे चौदा दिवस म्हणजे तोडणी. लागण केव्हाच झालेली असते, आणि ज्याने ती केलीच नाही त्याच्या फडात चौदा दिवसांत टोळी काय तोडणार?

कटके विधानसभेला पहिल्यांदा उभे होते, राजकारणात नव्हे. ते वाघोलीचे, पुणे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, आणि शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे जिल्हाप्रमुख राहिलेले. अर्ज भरायच्या तोंडावर ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले आणि उमेदवार झाले. पक्ष आयत्या वेळचा होता, तालुकाभरच्या ओळखी आयत्या वेळच्या नव्हत्या.

पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीचा जिना बहुतेकांसाठी ठरलेला आहे: ग्रामपंचायत, विकास सोसायटी, बाजार समिती, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट, साखर कारखान्याचं संचालकपद. प्रत्येक पायरीवर माणूस निवडणूक लढवायला शिकतो आणि मागे कार्यकर्त्यांची एक फळी ठेवून वर जातो. दुसरा रस्ता घराण्याचा. शेजारच्या दौंडचे राहुल कुल २०१४ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले ते राष्ट्रीय समाज पक्षातर्फे, म्हणजे तालुक्याला फारशा परिचयाच्या नसलेल्या पक्षातर्फे. पण वडील सुभाष कुल आणि आई रंजना कुल दोघंही आमदार राहिलेले. पक्ष अनोळखी असला तरी आडनाव घरोघर माहीत होतं.

अलीकडे या जिन्याच्या मधल्या पायऱ्याच निखळल्या होत्या. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२४ च्या विधानसभेपर्यंत नवी निवडणूक झालीच नाही. सदस्य नाहीत, सभापती नाहीत, सगळा कारभार प्रशासकाकडे. आमदार व्हायची इच्छा असणाऱ्याने लोकांत राहायचं कसं? मग देवदर्शनाच्या बसगाड्या, आरोग्य शिबिरं, बैलगाडा शर्यती, दहीहंड्या, भजनी मंडळांना साहित्य आणि चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स. या गोष्टींना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही मुरडतो. पण गटाची निवडणूकच होत नसेल तर माणसाने कोणत्या कामावर ओळख मिळवायची, हा प्रश्न नाक मुरडून सुटत नाही.

अर्ज: नाव यंत्रावर येतं कसं

उभं राहणं कागदावर सोपं आहे, अट फक्त बारकाईची. पक्षाचा उमेदवार असेल तर 'ए' आणि 'बी' असे दोन फॉर्म लागतात. पक्षाकडून सही करायचा अधिकार कुणाला हे 'ए' फॉर्म सांगतो, आणि त्या अधिकाऱ्याने कुणाला उमेदवारी दिली हे 'बी' फॉर्म. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दोन्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले नाहीत, तर पक्षाचा नेता स्वतः बाहेर उभा असला तरी उपयोग नाही. शेवटच्या दिवशी तहसीलच्या आवारात जी पळापळ दिसते ती याच कागदाची.

दुसरा कागद प्रतिज्ञापत्राचा, नमुना २६. मालमत्ता, कर्जं, उत्पन्न, शिक्षण, दाखल गुन्हे सगळं त्यात शपथेवर लिहायचं. रकाना मोकळा ठेवायचा नाही, लागू नसेल तर 'निरंक' लिहायचं. अधिकाऱ्याने सांगूनही रकाने मोकळे ठेवले तर अर्ज बाद होऊ शकतो. गुन्हे दाखल असतील तर ते प्रचाराच्या काळात वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर तीनदा स्वतःच्या खर्चाने जाहीर करावे लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येणाऱ्या त्या जाहिराती वाचण्यासारख्या असतात.

चौकट: उभं राहायचंच असेल तर
वय: २५ पूर्ण.
मतदार: राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाचा चालतो, त्याच मतदारसंघाचा असण्याची सक्ती नाही.
सूचक: मान्यताप्राप्त पक्षाला एक, अपक्षाला दहा, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत.
अनामत: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००.
अनामत परत: निवडून आला तर, किंवा वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तर.
बँक खातं: निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र, अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं.
खर्चाची मर्यादा: महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख रुपये.

एक षष्ठांश ही अट दिसते त्यापेक्षा कडक आहे. शिरूरमध्ये तीन लाखांवर मतं पडली, म्हणजे अनामत वाचवायला पन्नास हजारांहून जास्त मतं हवी होती. ब्रिटनमध्ये पाच टक्के मतांवर अनामत परत मिळते, आपल्याकडे सोळा टक्क्यांच्या वर लागतात. म्हणून 'डिपॉझिट जप्त' हे शब्द आपल्याकडे पंचवीस हजार मतं घेतलेल्या माणसालाही ऐकावे लागतात. पंचवीस हजार लोकांनी विश्वास टाकला याला कुणी हार म्हणेल, मला तसं वाटत नाही.

चिन्ह कुणाचं, माणूस कुणाचा

देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. आज यंत्रावर नावही असतं आणि फोटोही, तरी बोट शोधतं ते चिन्हच.

शिरूरला २०२४ मध्ये या चिन्हांनी गंमत केली. राष्ट्रवादी काँग्रेस १९९९ ची, घड्याळ हे तिचं चिन्ह पंचवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेलं. जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला, फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला. अशोक पवार शरद पवारांबरोबर राहिले. म्हणजे झालं असं की मुरलेला आमदार नवं चिन्ह घेऊन उभा, आणि पहिल्यांदा उभा राहिलेला उमेदवार तेच घड्याळ घेऊन, ज्यावर पवार आधी निवडून आले होते. नव्या उमेदवाराला सर्वांत जड जातं ते चिन्ह घराघरात पोचवणं. कटकेंना ते काम करावंच लागलं नाही.

पण एकट्या घड्याळाने निवडणूक फिरवली असं म्हणता येणार नाही. मे महिन्यात लोकसभेला याच मतदारांनी तुतारीच्या अमोल कोल्हेंना आघाडी दिली होती. कोल्हे १,४०,९५१ मतांनी निवडून आले. सहा महिन्यांत मध्ये काय आलं? जुलैत सुरू झालेली महिना १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आली, महायुतीने सगळ्या राज्यात जोर लावला, आणि निकालात भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी या तिघांच्याच २३० जागा आल्या. लाट असली की नव्या उमेदवाराचं अर्धं ओझं तीच उचलते. शिवाय कारखाना बंद असण्याचा राग विद्यमान आमदारावर निघतो, पहिल्यांदा उभा राहिलेल्याला जुन्या कामांचा हिशेब कुणी विचारत नाही. हा त्याचा मोठा फायदा, आणि पुढच्या निवडणुकीला तो संपलेला असतो.

अपक्षाचं दुखणं वेगळंच. त्याचं चिन्ह ठरतं माघारीच्या दिवशी. अर्जात तीन पसंती लिहायच्या असतात. दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठ्या टाकतात. त्या संध्याकाळी हातात पडलेलं चिन्ह चौदा दिवसांत साडेचार लाख लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे. शिवाय यंत्रावर त्याचं नाव मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत पक्षांच्या उमेदवारांनंतर, तळाकडे.

आणि चिन्हांत गोंधळ झाला तर काय होतं? २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' ३२,७७१ मतांनी हरला, आणि नुसती तुतारी घेतलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत तशाच चिन्हाचा अपक्ष लाखाच्या वर गेला. आंबेगावचं उदाहरण निमोणेकरांना जवळचं वाटेल, कारण २००८ च्या पुनर्रचनेत शिरूर तालुक्यातलीच ३९ गावं त्या मतदारसंघात गेली. तिथे विधानसभेला पहिल्यांदा उभे राहिलेले देवदत्त निकम १९९० पासून आमदार असलेल्या दिलीप वळसे पाटलांशी लढले आणि १,५२३ मतांनी हरले. निकमांच्याच नावाचा एक अपक्ष ट्रम्पेट चिन्ह घेऊन उभा होता. त्याला २,९६५ मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण नव्या उमेदवाराने प्रचारात पहिल्या दिवसापासून यंत्रावरचा आपला क्रमांक का घोकून घ्यावा, हे यातून कळतं.

चाळीस लाखांत काय बसतं

४० लाख भागिले साडेचार लाख मतदार म्हणजे माणशी नऊ रुपयेही येत नाहीत. एवढ्यात कटिंग चहा मिळायची मारामार. तरी ताफे, मंडप, जेवणावळी दिसतात ते कसे?

कायदा खर्च मोजतो तो अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच. लागणीचा खर्च, म्हणजे आधीच्या दोन-चार वर्षांतल्या बसगाड्या, शिबिरं, शर्यतींची बक्षिसं, या हिशेबात येतच नाही. त्याशिवाय पक्षाने पक्षाचा म्हणून केलेला सर्वसाधारण प्रचार आणि मुख्य प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या नावावर पडत नाही. मात्र मोठा नेता आला आणि उमेदवार त्याच्यासोबत व्यासपीठावर बसला, की सभेचा खर्च उमेदवाराच्या माथी. दोन उमेदवार बसले तर वाटून.

मोजणीची पद्धत मात्र रंजक आहे. जिल्हा निवडणूक अधिकारी प्रत्येक वस्तूचा दर आधीच ठरवून टाकतात: खुर्ची, मंडप, जीप, चहा, वडापाव, फेटा. उमेदवाराने "फेटे फुकट मिळाले" म्हटलं तरी दर लागतोच. निवडणूक यंत्रणेचं पथक सभेचं चित्रीकरण करतं, दुसरं पथक त्या चित्रीकरणातल्या खुर्च्या मोजतं आणि उमेदवाराच्या नावाने एक वेगळी नोंदवही लिहितं. उमेदवाराची वही आणि ही वही प्रचारकाळात तीनदा समोरासमोर ठेवतात. तफावत निघाली तर नोटीस. निकालानंतर तीस दिवसांत शेवटचा हिशेब द्यायचा, हरलेल्यानेसुद्धा. दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो, आणि या नियमात सापडतात ते बहुतेक छोटे अपक्षच. त्यांच्याकडे हिशेब लिहायला माणूसच नसतो.

पाकिटांचा विषय टाळला तर वाचक हसतील. मतासाठी पैसे देणं गुन्हा आहे आणि घेणंही. मोबाइलवरच्या 'सी-व्हिजिल' ॲपवर तक्रार आली की शंभर मिनिटांत तिचा निपटारा करायचा असा नियम आहे. पण निव्वळ पैशाने निवडणूक जिंकता येते हा समज कच्चा आहे. पाकीट कुणाला, कुणाच्या हातून, हे ठरवायलाही गावात विश्वासू माणूस आणि हातात यादी लागते. ती नसेल तर पैसे मधल्यामध्ये जिरतात, आणि जिरल्याचं उमेदवाराला निकालादिवशी कळतं.

यादी, टेबल आणि मतदान काढणं

खरी निवडणूक यादीवर लढली जाते. मतदारसंघाची यादी भागांमध्ये विभागलेली असते, एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र, लोकांच्या तोंडी 'बूथ'. केंद्रामागे हजारभर मतदार धरले तर शिरूरमध्ये साडेचारशेच्या घरात केंद्रं होतात. यादीचं एक पान म्हणजे तीसेक नावं. काही पक्ष पानागणिक एक माणूस नेमतात, त्याला पन्नाप्रमुख म्हणतात.

गावातला जाणता कार्यकर्ता यादी हातात घेऊन बसला की प्रत्येक नावापुढे खूण करतो. आपला, समोरचा, सांगता येत नाही. यात अंदाजाला फार थोडी जागा असते. कुणाचं लग्न कुठल्या घरात झालं, बांधाचा वाद कुणाशी, मागच्या ग्रामपंचायतीला कोण कुणाबरोबर होता, हे त्याला पाठ असतं. मग 'बाहेरचे' मोजतात. पुण्याला नोकरीला, रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर, मुंबईला मुलाकडे. त्यांना फोन कोण करणार, आणायला गाडी कुणाची, हे ठरवायचं. (मतदारांना केंद्रावर आणण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरवणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, म्हणून गाडी नेहमी 'पाहुण्याची' असते.) घरी झोपून असलेले म्हातारे वेगळे मोजायचे. ८५ च्या पुढच्यांना आता घरबसल्या मतदान करता येतं, पण त्यासाठीचा अर्ज अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. जिन्यावरून आलेल्या कार्यकर्त्याला हे माहीत असतं, नव्याला उशिरा कळतं.

मतदानाचा दिवस पहाटेच सुरू होतो. सातला मतदान, पण त्याच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर यंत्रावर चाचणी मतदान घेतात. किमान पन्नास मतं टाकून बघायची, मोजायची, पुसायची. तेव्हा उमेदवाराचा माणूस साडेपाचला केंद्रावर हजर पाहिजे. आत एक प्रतिनिधी, त्याला बदली एक, बाहेर दोनशे मीटरवर टेबल टाकून बसलेले दोघं, आणि वाडी-वस्तीवर फिरणारे दोघं. केंद्रामागे सहा माणसं धरली तरी साडेचारशे केंद्रांना २,७०० माणसं लागतात. ती अठरा तास उभी राहणारी, दुपारी फितूर न होणारी आणि यादी वाचता येणारी हवीत. चांगलं बोलणारा, शिकलेला, प्रामाणिक अपक्ष इथे मोडतो. सभेला त्याच्याकडे पाच हजार लोक आलेले असतात, पण साडेचारशेपैकी तीनशे केंद्रांवर त्याचं टेबलच नसतं.

आतला प्रतिनिधी कुणी मत दिलं ते यादीत खोडत जातो. दुपारी दोन-तीनला बाहेरच्यांच्या हातात राहिलेल्यांची नावं असतात, आणि 'मतदान काढायला' सुरुवात होते. हा शब्दप्रयोग गावोगाव आहे. विहिरीतून पाणी काढावं तसंच नव्हे, पण कष्ट तेवढेच. वस्तीवर जायचं, "आज्जी, चला" म्हणायचं, कांदा लावणीला गेलेल्या बायकांना वावरातून हाक मारायची. चौदा दिवसांत कुणाचं मत बदललं नसेल, पण आपल्याकडे झुकलेला माणूस घरी बसू नये, एवढ्यासाठी ही सगळी यंत्रणा. दौंडला २०१९ मध्ये राहुल कुल ७४६ मतांनी निवडून आले. तीनशेच्या आसपास केंद्रं धरली तर केंद्रामागे अडीच मतांचा फरक. एका वस्तीवरचं एक घर यायचं राहिलं, एवढंच ते अंतर.

लीडचा कागद

सहाला मतदान संपलं की केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो. यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली ते त्यावर असतं, आणि त्याची प्रत प्रतिनिधीला मिळते. मोजणीला हाच आकडा ताडून बघतात. मोजणी केंद्रनिहाय होते, एका फेरीत साधारण चौदा टेबलांवर चौदा केंद्रं. शेवटी पाच केंद्रं चिठ्ठीने निवडून तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्याही मोजतात.

केंद्रनिहाय मोजणीमुळे एक गोष्ट होते. निमोण्यात कुणी कुणाला मत दिलं हे गुप्त राहतं, पण निमोण्याने कुणाला किती दिली हे दुपारपर्यंत सगळ्या तालुक्याला कळतं. 'लीड' म्हणतात ते हेच. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजण्याआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय होती. यंत्रं आली आणि ती गेली. अनेक यंत्रांची मतं एकदम जोडून दाखवणारं 'टोटलायझर' वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये पाठिंबा दिला, पण ते अजून वापरात आलेलं नाही. यायला हवं, असं माझं मत आहे. लीड न दिलेल्या वस्तीने रस्ता मागायला जाताना आधी मान खाली घालावी लागते, हे बरं नव्हे.

तोवर मात्र तो केंद्रनिहाय तक्ता, नमुना २०, हरलेल्या नव्या उमेदवाराच्या सर्वांत कामाचा असतो. अनामत गेलेली असते, फ्लेक्स उतरलेले असतात, हिशेबाचे तीस दिवस चालू असतात. तेव्हा तो तक्ता घेऊन बसतो आणि बघतो, कुठल्या गावात चाळीस मतं पडली आणि कुठे तीनशे. जिथे तीनशे पडली, तिथे आपल्यासाठी टेबल कुणी लावलं होतं ते नाव काढतो. पुढे जिल्हा परिषदेचा गट लढायचा ठरला, तर पहिला फोन त्यालाच जातो.